काल्झोने घरी करूया: कोरडं सारण, घट्ट मुरड

मुदपाकखाना:

अमेरिकेत १ नोव्हेंबरला काल्झोने दिवस साजरा करतात. काल्झोने म्हणजे पिझ्झ्याच्या पिठात सारण भरून, दुमडून भाजलेली मोठी करंजीच. नापोलीला (इटलीतल्या नेपल्सला) त्यासाठी तारीख लागत नाही. तिथल्या पिझ्झेरियात मार्गेरिता आणि मारिनाराच्या खाली ‘रिपिएनो’ लिहिलेलं असतं, तेच हे. नवऱ्याच्या नोकरीमुळे काही वर्षं त्या शहरात राहिले. आता पुण्यात आहे, पण ही तारीख जवळ आली की घरी काल्झोने होतोच. एरवीही या सुमाराला दिवाळीचे दिवस असतात आणि मुरड घालायला बोटं सरावलेली असतात. यंदा आपण सगळ्यांनीच करायचा का? ज्यांनी आधी केलाय त्यांनी आपली पद्धत लिहा, बाकीच्यांनी मनसोक्त शंका विचारा.

मला सगळ्यात आधी सांगायचंय ते पाण्याबद्दल. काल्झोने म्हणजे दुमडलेला पिझ्झा, असं धरून लोक पिझ्झ्यावरचं सगळं आत कोंबतात. सॉस, कच्चा कांदा, सिमला मिरची, मका, वर मूठभर चीज. पिझ्झा उघडा असतो, त्यामुळे त्याच्यावरचं पाणी भट्टीत उडून जातं. काल्झोनेतलं पाणी जाणार कुठे? ते खालच्या थरात मुरतं, तळ कच्चा राहतो, नाहीतर वाफ मुरड फोडून बाहेर येते. म्हणून सारण कोरडं हवं, आणि टोमॅटो आत नाही, वर. नापोलीत रिपिएनोवर टोमॅटो घालतातच तर दोन चमचे, पाठीवर पसरून, सोबत ऑलिव्ह तेलाची धार. एवढं सांभाळलंत तर बाकी सगळं निभावून जातं.

तिथलं नेहमीचं सारण अगदी मोजकं असतं: रिकोटा (पनीरसारखं मऊ चीज), फिओर दि लात्ते (गाईच्या दुधाचा मोझरेला) किंवा धुरी दिलेलं प्रोवोला चीज, सलामेचे बारीक तुकडे, भरपूर मिरपूड. यात राजा रिकोटाच. तो वितळत नाही, पाणी सोडून पळत नाही, आणि वितळलेल्या चीजला धरून ठेवतो. फक्त मोझरेला भरलेला काल्झोने कापला की चीज ताटात वाहून जातं आणि आत पोकळी उरते. रिकोटा असला की सारण जागच्या जागी राहतं.

आता कृती. चार काल्झोनेंसाठी.

पीठ: मैदा ५०० ग्रॅम, पाणी ३०० मिली, मीठ १० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट अर्धा छोटा चमचा, म्हणजे साधारण दीड ग्रॅम. नापोलीच्या पिठात तेल, साखर, दूध काही नसतं, कारण तिथली लाकडाची भट्टी ४३० अंशांच्या वर तापलेली असते आणि पिझ्झा दीड मिनिटाच्या आत बाहेर येतो. आपला ओव्हन २५० पर्यंत जातो आणि पीठ आत बराच वेळ राहतं. म्हणून मी एक मोठा चमचा तेल घालते, कवच मऊ राहतं आणि रंगही धरतो. दहा मिनिटं मळा. पीठ गुळगुळीत झालं पाहिजे, पण पुरणपोळीच्या कणकेइतकं सैल नको. तासभर बाहेर, मग झाकून फ्रिजमध्ये २४ तास. दुसऱ्या दिवशी दोनशे-दोनशे ग्रॅमचे गोळे करून दोन तास बाहेर ठेवा. उन्हाळ्यात मुंबईत असाल तर तासाभरातच गोळे फुगतील, घड्याळापेक्षा पिठाकडे बघा. गोळा गार असताना ताणला तर आक्रसतो आणि जिथे पातळ होतो तिथेच भट्टीत फुटतो.

रिकोटा: म्हशीचं मलईदार दूध एक लिटर, चवीला मीठ. कडेला बुडबुडे येऊन वाफ निघायला लागली (८५ ते ९० अंश) की गॅस बंद. दोन मोठे चमचे व्हिनेगर तेवढ्याच पाण्यात मिसळून घाला, एकदाच हलक्या हाताने फिरवा आणि दहा मिनिटं हात लावू नका. मग झाऱ्याने अलगद उचलून फडक्यात काढा. इथे पनीरची सवय मोडायची: वर वजन ठेवायचं नाही, पिळायचं नाही, थंड पाण्याखाली धरायचं नाही. आपोआप निथळू द्या. ओलसर, लुसलुशीत, चमच्याने पसरेल असं हवं. खरा रिकोटा चीज करताना उरलेल्या पाण्यापासून करतात, तेव्हा हा त्याचा घरचा भाऊ, पण काल्झोनेत चोख काम करतो. चक्का वापरू नका, तो आंबट असतो आणि भट्टीत रवाळ होतो.

सारण (प्रत्येकी): रिकोटा ७० ग्रॅम, मोझरेला ५० ग्रॅम, मिरपूड, आवडत असेल तर सलामे २५ ग्रॅम. ताजा, पाण्यातला मोझरेला आणलात तर तुकडे करून चाळणीत चार तास फ्रिजमध्ये ठेवा, खाली चक्क वाटीभर पाणी जमतं. विटेसारखा मिळणारा पिझ्झ्याचा मोझरेला कोरडाच असतो, तो तसाच चालतो. पालक घालायचा तर उकळत्या पाण्यात मिनिटभर, मग मुठीत घट्ट पिळून, चिरून, लसणावर परतून. मश्रूम कोरड्या तव्यावर, पाणी सुटून आटेपर्यंत. सारण पूर्ण गार करा. गरम सारण पिठाला घाम आणतं.

भरणं: गोळा हाताने दाबत पसरा, २२-२३ सेंटिमीटर. लाटलात तरी आभाळ कोसळत नाही, पण कडा मधल्या भागापेक्षा पातळ होऊ देऊ नका. सारण अर्ध्या भागावर, कडेला दोन बोटं जागा सोडून. या जागेवर रिकोटाचा ठिपका किंवा तेलाचा थेंब नको, तेलकट कड चिकटत नाही. दुमडल्यावर आधी तळहाताने सारणाभोवती दाबत आतली हवा बाहेर काढा आणि मग कड बंद करा. अंगठ्याने दाबलं की पेराचा ठसा उमटला पाहिजे आणि दोन थरांमधली रेघ दिसेनाशी झाली पाहिजे. ती रेघ दिसतेय तोवर काल्झोने बंद झालेला नाही. मग करंजीसारखी मुरड घाला. नापोलीत नुसतं दाबून सोडतात, पण घरच्या ओव्हनमध्ये भाजायला वेळ लागतो, तिथे मुरडीचा भक्कम आधार असतो. शेवटी पाठीवर सुरीच्या टोकाने बोटाच्या पेराएवढी एक चीर द्या, वाफेला वाट.

भाजणं: ओव्हन २५० वर, आत दगडाची लादी किंवा जाड लोखंडी तवा पालथा घालून, पाऊण तास तापवा. काल्झोनेचं सगळं वजन तळावर असतं, म्हणून तळाला सुरुवातीलाच चटका बसायला हवा. पाटावर बारीक रवा भुरभुरा, त्यावर काल्झोने ठेवा आणि झटक्यात आत सरकवा. वरून टोमॅटोचे दोन चमचे आणि तेल. १२ ते १५ मिनिटं. तळावर तपकिरी ठिपके आले आणि टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की झालं. काढल्यावर पाच मिनिटं थांबा. आतली वाफ फार गरम असते, मुलांच्या ताटात लगेच देऊ नका.

मी मोठ्यांसाठी सलामेचा आणि मुलांसाठी पालक-रिकोटाचा करणार आहे. आता तुम्ही लिहा.


एडिसनकर:

वा, तपशीलवार लिहिलंस! आमच्या न्यू जर्सीत जवळपास प्रत्येक इटालियन-अमेरिकन पिझ्झेरियात काल्झोने मिळतो. रिकोटा आणि मोझरेला आत, आणि टोमॅटोचा सॉस गरम करून वाटीत बाजूला. म्हणजे सॉस आत न घालण्याचं शहाणपण स्थलांतरितांनी इथेही टिकवलं, फक्त त्याची जागा बदलली. बुडवून खायला मला तरी ही वाटी हवीच.

इथे बऱ्याच जणांचा काल्झोने आणि स्ट्रॉम्बोली यात गोंधळ होतो म्हणून लिहितो. स्ट्रॉम्बोली हा इथलाच, फिलाडेल्फियाच्या बाजूचा, १९५० च्या सुमाराचा. पीठ आयताकृती पसरायचं, त्यावर मांस आणि चीजचे थर, मग सुरळी करून भाजायचं आणि काप करून वाढायचं. रिकोटा सहसा नसतो. मित्रमंडळी खूप येणार असतील तर तो सोपा पडतो, एकाच सुरळीत सहा जणांचं भागतं. पण कुरकुरीत कडेची मजा काल्झोनेतच.


सांजवेळ:

सुंदर धागा! वाचनखूण साठवली. एक शंका. आमच्याकडे आठवड्याला पनीर होतं, ते पाणी मी कणकेत घालते. तू म्हणतेस खरा रिकोटा चीजच्या पाण्यापासून होतो, तर पनीरचं पाणी उकळून रिकोटा मिळेल का? फुकटात होत असेल तर काय हवं.


मुदपाकखाना:

सांजवेळ, नाही मिळणार, आणि कारण समजण्यासारखं आहे. मोझरेलासारखं चीज रेनेट (दूध गोठवणारं विकर) घालून, कोमट दुधाचं करतात. तेव्हा दुधातलं केसीन तेवढं गोठतं आणि बाकीची प्रथिनं पाण्यातच राहतात. ते पाणी पुन्हा ८५-९० अंशांपर्यंत तापवलं की ती वर येतात, तोच रिकोटा. पनीर करताना आपण दूध आधीच उकळतो आणि मग आंबट घालतो, त्यामुळे ती प्रथिनंही केसीनबरोबर पनीरमध्ये जातात. पाण्यात उरतं ते बहुतेक दुधातली साखर आणि क्षार. ते कणकेतच घाल, पोळ्या मऊ होतात. काल्झोनेच्या पिठात पाण्याऐवजी वापरलंस तरी चालेल, कवचाला रंग छान येतो.

म्हशीचं दूध मी मुद्दाम लिहिलं. नापोलीच्या आसपासच्या कांपानिया भागात म्हशी पाळतात आणि तिथला म्हशीच्या दुधाचा मोझरेला जगभर नावाजलेला आहे, त्याच्या पाण्याचा रिकोटाही करतात. गाईच्या दुधापेक्षा त्याला स्निग्धपणा जास्त. आपल्याकडे हे दूध रोज दारात येतं, त्याचा फायदा घ्यायलाच हवा.


मीठमोहरी:

ताई, भाड्याची खोली, एक शेगडी आणि एक बिडाचा तवा. ओव्हन नाही, घ्यायचा विचारही नाही. माझ्यासारख्यांनी हा दिवस नुसता वाचून साजरा करायचा का? कुकरमध्ये मीठ घालून करतात तसं जमेल का?


मुदपाकखाना:

मीठमोहरी, कुकर कोरडा तापवू नकोस, त्याचं नुकसान होतं आणि वरून आच मिळत नाही ती नाहीच. तुझ्यासाठी इटलीतच तयार उत्तर आहे. उत्तरेकडच्या रोमान्या भागात कास्सोने म्हणून प्रकार असतो, तो भट्टीत भाजतच नाहीत, सपाट तव्यावर शेकतात. तिथल्या पियादिना या पोळीचंच पीठ: मैदा २५० ग्रॅम, ऑलिव्ह तेल तीन मोठे चमचे (तिथे डुकराची चरबीही वापरतात), मीठ, चिमूटभर सोडा, कोमट पाणी ११० ते १२० मिली. यीस्ट नाही, रात्रभर थांबणं नाही. अर्धा तास झाकून ठेव, चार गोळे करून पातळ लाट, अर्ध्या भागावर सारण, दुमडून कड दाबून घे. मध्यम आचेवर तेल न लावता दोन्ही बाजू चार-चार मिनिटं, मग गोल कडेवर उभा धरून ती कडही शेक.

सारण आधी शिजलेलं हवं, कारण तव्यावर आत फार शिजत नाही. तिकडे लसणावर परतलेल्या पालेभाज्या भरतात, कधी बटाटा आणि लाल भोपळा. तुझ्या बिडाच्या तव्यावर फार सुरेख होईल.


मांडवीकाठ:

गोंयकार हाजर! सलामेच्या जागी आमची चोरिसां (डुकराच्या मांसाची मसालेदार गोवन सॉसेजं) घाला आणि मग सांगा. मी करते ती पद्धत: सालं काढून मांस मोकळं करायचं, पाणी न घालता मंद आचेवर परतायचं, चरबी सुटली की ती गाळून बाजूला (त्यात दुसऱ्या दिवशी कांदा-बटाटा परता), मांस टिश्यूवर पूर्ण गार. कांदा घालायचा तर तो वेगळा, सोनेरी होईपर्यंत. रिकोटाच्या सौम्य गोडीत चोरिसांचा व्हिनेगर आणि तिखटपणा असा काही खुलतो की मिरपूडसुद्धा लागत नाही. मीठ मात्र रिकोटात घालू नका, चोरिसांत भरपूर असतं.

आमच्या वाड्यावरच्या पोदेराकडे (पाव भाजणाऱ्याकडे) अजून लाकडाची भट्टी आहे. संध्याकाळचे पाव निघाल्यावर भट्टी तापलेली असते, तेव्हा एकदा विनंती करून काल्झोने आत सरकवले होते. लांब फळीवरून त्याने ते असे अलगद सोडले की एकाचाही आकार मोडला नाही. पाठीवर काळे फोड, खाली राखेचा मंद वास. ज्यांच्या गावात असा पोदेर उरलाय त्यांनी जरूर विचारून बघा, आणि एक काल्झोने त्याच्या घरी द्या.


मुदपाकखाना:

मांडवीकाठ, चरबी गाळायचं सांगितलंस ते फार महत्त्वाचं. पाण्याइतकीच सुटी चरबीही तळ बिघडवते. आणि चोरिसांचं सारण नापोलीकरांनाही परकं वाटणार नाही. त्यांच्या तळलेल्या पिझ्झ्यात चिकोली घालतात, डुकराच्या चरबीचे तुकडे, रिकोटा आणि प्रोवोलाबरोबर. मी यंदा चोरिसांचाच एक करणार!


दुओमोमागची_गल्ली:

मिलानहून लिहितोय. इथे दुओमोच्या (मुख्य चर्चच्या) मागे, व्हिया सांता रादेगोंदावर लुईनी नावाचं दुकान आहे. जेवणाच्या वेळी रांग रस्त्यावर येते. ही मंडळी दक्षिणेकडच्या पुल्यातली, १९४९ पासून मिलानमध्ये पांझेरोत्ती विकतायत. पांझेरोत्तो म्हणजे तळहाताएवढा, अर्धचंद्राचा, तळलेला. आत टोमॅटो आणि मोझरेला. म्हणजे धागाकर्तीच्या नियमाला इथे अपवाद! टोमॅटो आत आहे.

पण तो कसा असतो ते नीट पाहिलंय. पातळ सॉस नसतो. टोमॅटो निथळलेला, दाटसर, आणि जेमतेम एक चमचा. शिवाय तळण दोन-तीन मिनिटांचं, पाण्याला पिठात शिरायला फुरसतच मिळत नाही. ऑफिसातले लोक कागदात धरून उभ्याउभ्या खातात. पहिला घास कोपऱ्याचा घ्यायचा आणि वाफ जाऊ द्यायची, हे नवख्याला शेजारचा माणूस आपणहून सांगतो.

घरी करताना ६०-७० ग्रॅमचे गोळे घ्या, तेल १८० अंशांच्या आसपास ठेवा आणि एकावेळी दोनच सोडा. वर झाऱ्याने तेल उडवत राहिलं की दोन्ही बाजू सारख्या फुगतात.


कांदेनवमी:

मी जरा वेगळं मत मांडते. रिकोटा, प्रोवोला, सलामे ठीक आहे, पण आमच्या घरी पनीर-सिमला मिरचीचा मसालेदार काल्झोने आवडीने खातात. नापोलीच्या पिझ्झेवाल्यांची संघटना आहे, तिचे नियम आहेत, सगळं मान्य. पण घरी मी माझ्या मुलांना काय आवडतं ते भरणार. त्याला ‘खरा काल्झोने’ म्हणायचं नाही का?


मुदपाकखाना:

कांदेनवमी, जरूर भर. माझा आग्रह कोरडेपणाचा आहे, साहित्याचा नाही. तू म्हणतेस ती संघटना १९८४ ची, तिने पीठ, भट्टी, वेळ यांचे नियम घालून दिले. २०१७ मध्ये युनेस्कोने नापोलीच्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला मान दिला. मान दिलाय तो त्या हातांच्या कौशल्याला.

आणि सारण तर इटलीत शंभर मैलांवर बदलतं. बारी शहरात कांद्याचा काल्झोने करतात. लांब दांड्यांचा पातीचा कांदा मंद आचेवर मऊ आणि कोरडा होईपर्यंत परतून, त्यात काळे ऑलिव्ह आणि खारवलेली अँकोव्ही मासळी. नापोलीत नाताळच्या आदल्या दिवशी एस्कारोल या कडसर पाल्याचा भरलेला पिझ्झा असतो, पाला शिजवून पिळलेला, सोबत ऑलिव्ह, केपर्स, मनुका, चिलगोजे. सिसिलीत रागूझा गावची स्काच्चा ही भरलेली पोळी घडीवर घडी घातलेली असते, आत आटवलेला टोमॅटो आणि काचोकाव्हाल्लो चीज. एकाचं सारण दुसऱ्याला लागत नाही, पण प्रत्येक बाई आधी पाणी काढते, आटवते, पिळते.

तुझ्या सारणासाठी म्हणून एवढंच: सिमला मिरची मोठ्या आचेवर आधी परतून घे, दह्याचं मॅरिनेशन असेल तर पनीर तव्यावर पूर्ण कोरडं होऊ दे, आणि त्यातही दोन चमचे रिकोटा मिसळून बघ. सारण एकजीव राहतं.


कांदेनवमी:

हे पटलं. रिकोटा मिसळायचं कधी सुचलं नव्हतं, आमचं सारण कापताना घरंगळतं खरं. या रविवारी करते.


शाकाहारी_शंतनू:

आम्ही शाकाहारी आहोत, अंडंही नाही. परदेशी चीजबद्दल नेहमी धाकधूक असते. कुणी नीट सांगेल का?


एडिसनकर:

शंतनू, काल्झोनेत अंडं लागतच नाही, तो प्रश्न मिटला. काहीजण रिकोटात फेटून घालतात, पण रिकोटा नीट निथळलेला असेल तर गरज नाही. चीजचं म्हणाल तर पार्मिजानो रेज्जानो, ग्राना पादानो आणि पेकोरिनो रोमानो या तिन्ही नावांच्या चीजमध्ये प्राण्यापासून काढलेलं रेनेट असतं, ते टाळा. भारतात मिळणाऱ्या मोझरेलाच्या पाकिटावर हिरवा ठिपका बघून घ्या. घरचा रिकोटा तर व्हिनेगरचाच आहे, निर्धास्त करा.


जुना_जाणता:

मुदपाकखाना, तळलेल्या पिझ्झ्याचा ओझरता उल्लेख केलात, त्याबद्दल थोडं लिहावंसं वाटतं, कारण मला या सगळ्यात तोच जास्त जवळचा वाटतो.

दुसऱ्या महायुद्धात नापोलीवर प्रचंड बॉम्बफेक झाली. घरं गेली, भट्ट्या गेल्या, मोझरेला आणि टोमॅटो महाग झाले. तेव्हा गल्लीतल्या बायकांनी दारात चूल मांडून कढई चढवली. पिठाच्या दोन चकत्यांमध्ये किंवा एकाच दुमडलेल्या चकतीत जे असेल ते, थोडा रिकोटा, थोडी चिकोली. तेलात पडल्यावर ते असं फुगायचं की थोडक्या पिठातही पानभर दिसायचं. भुकेल्या घराला एवढा दिलासा पुष्कळ होता. पैसे नसलेल्यांसाठी ‘ओज्जे आ ओत्तो’ अशी रीत होती: आज खा, आठ दिवसांनी पैसे द्या. सगळं शहरच उधारीवर जगत होतं आणि उधार देणारी बाईही त्याच गल्लीतली, तितकीच गरीब. मला त्या बायकांविषयी फार आदर वाटतो. आज तिथे तळलेल्या पिझ्झ्याची नावाजलेली दुकानं आहेत, ती त्यांच्याच जिवावर उभी आहेत.

तेव्हा काल्झोने दिवस साजरा करताना एखादा कढईतही सोडा. पीठ तेच, गोळा १२० ग्रॅमचा, मुरड दुहेरी, कारण तळणात ती सुटली तर गरम तेल अंगावर उडतं. कढई खोल हवी आणि तेल अर्ध्याच्या खाली.


सांजवेळ:

जुना_जाणता, हे माहीत नव्हतं. आठवड्याच्या उधारीचं वाचून गलबलून आलं. आमच्याकडे एक तरी तळलेला नक्की.

आणखी एक विचारते, मुलांच्या डब्यासाठी आदल्या रात्री करून ठेवता येतात का? आणि मैद्याऐवजी कणीक चालेल का?


मुदपाकखाना:

जुना_जाणता, अगदी मनापासून आभार. हे धाग्यात यायलाच हवं होतं.

सांजवेळ, कणीक चतुर्थांशापर्यंत घाल, आणि पाणी २०-२५ मिली वाढव. पूर्ण कणकेचं पीठ ताणताना तुटतं, कोंड्यामुळे मुरडीलाही चिरा जातात. मुलांना चव आवडली तर तेवढंच प्रमाण कायम ठेव.

डब्यासाठी छोटे कर, ८० ग्रॅमच्या गोळ्याचे. भरून कच्चे रात्रभर ठेवू नकोस, तळ ओलावतो. पूर्ण भाज, जाळीवर उघडे गार होऊ दे (ताटात ठेवलेस तर खालून घाम येतो), मग डबाबंद करून फ्रिजमध्ये. सकाळी झाकण न ठेवता तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजू पाच-पाच मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये कवच चामट होतं. जास्त दिवसांसाठी फ्रीझरमध्ये टाकायचे तर दहा मिनिटं भाजून, हलका रंग आला की काढ, गार करून एकेक वेगळा गुंडाळ. खायच्या वेळी थेट गोठलेलाच २०० अंशांवर १५-१८ मिनिटं ठेवायचा.

एअरफ्रायरचं कुणीतरी विचारेलच, तर तेही लिहून टाकते: छोटे असतील तर छान होतात. दोन्ही बाजूंना तेलाचं बोट फिरवून १९० वर दहा-बारा मिनिटं, मध्ये एकदा उलटून. मोठा काल्झोने त्यात वरून करपतो आणि तळ फिकाच राहतो.


मीठमोहरी:

ताई, काल रात्री कास्सोने केले! पालक, लसूण आणि थोडा रिकोटा. पालक तू सांगितलास तसा मुठीत पिळला, हिरवं पाणी पेलाभर निघालं. तव्यावर कड उभी धरून शेकायला चिमटा लागला. खोलीतल्या तिघांना पुरले आणि पीठ उरलं, त्याच्या सकाळी नुसत्याच पोळ्या शेकून चटणीबरोबर खाल्ल्या. पुढच्या वेळी लाल भोपळा करणार आहे. भोपळा उकडून घ्यायचा की किसून परतायचा?


मुदपाकखाना:

शाब्बास! भोपळा उकडू नकोस, पाणी पितो. फोडी करून, तेलाचा हात लावून, झाकण न ठेवता तव्यावर मऊ होईपर्यंत परत आणि मग कुस्कर. बटाटा सालासकट उकडून, सोलून, वाफ पूर्ण गेल्यावर त्यात मिसळ. भोपळा दोन भाग, बटाटा एक. मीठ, मिरपूड, आणि असेल तर किसलेलं चीज.